पत्नी मुंबईत खिडकीसमोर, तुम्ही न्यू जर्सीत जागे

प्रश्न असा आला आहे. न्यू जर्सीत राहणारे एक गृहस्थ अमेरिकेचे सिटिझन आहेत. लग्न सांगलीला झालं, त्याला पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेला दोन वर्षं होतील. पत्नी अजून माहेरी, सांगलीलाच. पत्नीसाठी केलेला आय-१३० अर्ज मंजूर झाला, एनव्हीसीकडचे (व्हिसाचे कागद गोळा करणाऱ्या नॅशनल व्हिसा सेंटरकडचे) कागद पूर्ण झाले, मेडिकल झालं, आणि पुढच्या बुधवारी सकाळी साडेआठला मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये इमिग्रंट व्हिसाची मुलाखत आहे. ते लिहितात: "झोप उडाली आहे. रोज रात्री फोनवर तिच्याकडून प्रश्नोत्तरं पाठ करून घेतोय. त्या वेळी मी इथे नुसता बसून राहणार, हे सहन होत नाही. तिकीट काढून जाऊ का? आणि वेबसाइटवर 'रिफ्यूज्ड' आलं तर सगळं संपलं का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुमची झोप त्यानेच उडवली आहे. नाही, संपत नाही. त्या एका शब्दामागे बहुतेक वेळा एखादा राहून गेलेला कागद असतो. त्याबद्दल पुढे नीट सांगते. आधी रोजची ती उजळणी आजपासून बंद करा.

मी वकील आहे. नवरा-बायकोच्या केसेस बघायला लागून मला अठरा वर्षं झाली. या काळात अडकलेल्या ज्या फायली माझ्यासमोर आल्या, त्यांत उत्तर आलं नाही म्हणून अडकलेल्या फारच थोड्या. बाकीच्या अडकल्या त्या कागदावर एक आणि तोंडी दुसरं असं झालं म्हणून. खिडकीपलीकडचा अधिकारी परीक्षा घेत नसतो. तुमचं लग्न खरं आहे यावर यूएससीआयएसने, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने, आय-१३० मंजूर करताना एकदा शिक्का मारलेला आहे. अधिकाऱ्याच्या स्क्रीनवर तुमची फाइल उघडी असते आणि समोर एक बाई उभी असते. या फाइलमधली बाई हीच का, आणि फाइल मंजूर झाल्यापासून काही बदललंय का, एवढं तो पाहतो. पाठ केलेलं उत्तर नेमकं तिथेच घात करतं.

एक उदाहरण सांगते, ओळख पटेल असे तपशील बाजूला ठेवून. नवऱ्याने बायकोला चार पानांची प्रश्नोत्तरं पाठवली होती. त्यात 'नवरा कामावर कधी जातो' याचं उत्तर होतं, सकाळी आठला. मुलाखतीच्या महिनाभर आधी त्याची शिफ्ट बदलून रात्रीची झाली. तिला ते ठाऊक होतं, कारण त्यामुळे त्यांच्या फोनची वेळ बदलली होती. पण खिडकीसमोर तोंडातून निघालं ते कागदावरचं उत्तर, सकाळी आठला. मग अधिकाऱ्याने सहज विचारलं, तुम्ही एकमेकांशी कधी बोलता? ती म्हणाली, माझी सकाळ असते तेव्हा, त्यांना कामावर ब्रेक मिळतो. भारतातल्या सकाळी अमेरिकेत रात्र असते. आठला कामावर जाणारा माणूस रात्री ब्रेकमध्ये कसा असेल? ती गोंधळली. आपल्याला पाठ करायला लावलं होतं हे सांगायचा तिला धीर झाला नाही. हातात चिठ्ठी मिळाली, नात्याचे आणखी पुरावे द्या. व्हिसा मिळाला, पण तीन महिन्यांनी. ते तीन महिने त्या मुलीने 'माझ्यामुळे झालं' असं म्हणत काढले. हे मला अजून टोचतं.

त्यामुळे पत्नींना सांगायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. जे खरं आहे ते सांगायचं. जे माहीत नाही त्याला 'माहीत नाही' म्हणायचं. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा म्हणायचं. इंग्रजीत अवघडल्यासारखं वाटत असेल तर मराठीत बोलायचं आहे असं सुरुवातीलाच सांगायचं. अडखळत दिलेल्या इंग्रजी उत्तरापेक्षा मराठीतलं सरळ उत्तर केव्हाही चांगलं. प्रश्न साधेच असतात: ओळख कशी झाली, लग्नाला कोण कोण होतं, ते काय काम करतात, कुठे राहतात, शेवटचे कधी येऊन गेले, त्यांचं किंवा तुमचं आधी लग्न झालं होतं का. ज्यांचा संसार खरा आहे त्यांना याची उत्तरं शोधावी लागत नाहीत.

आत नेमकं काय घडतं तेही सांगते, म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर काहीतरी खरं चित्र राहील. रांग, सुरक्षा तपासणी, टोकन. मग एका खिडकीवर कर्मचारी मूळ कागद तपासून घेतात: जन्मदाखला, विवाह नोंदणीचा दाखला, पीसीसी (पोलिसांचा चारित्र्याचा दाखला), तुमचे स्पॉन्सरशिपचे कागद. एनव्हीसीकडे आपण स्कॅन चढवलेले असतात, मूळ प्रती पहिल्यांदा इथेच पाहिल्या जातात. मग बसून थांबायचं. टोकन पुकारलं की दुसऱ्या खिडकीवर अधिकारी. मध्ये जाड काच, बोलणं माइकवरून. उजवा हात वर करून शपथ, आणि मग प्रश्न. हे शेवटचं प्रकरण बऱ्याचदा पाच-दहा मिनिटांत आटपतं. बाकीचा सगळा वेळ थांबण्यात जातो. म्हणजे तुम्ही तिकडे तीन तास 'तिला काय काय विचारत असतील' म्हणून तळमळत असाल, तेव्हा त्या बहुतेक वेळ खुर्चीवर बसून टोकनच्या आकड्याकडे बघत असतील.

आणि त्यांच्याकडे फोन नसेल. मोबाइल आत नेता येत नाही आणि ठेवायचीही सोय नसते. हे ठाऊक नसलं की फोन लागत नाही म्हणून माणूस नको नको ते मनात आणतो. सध्या दोन ठिकाणांत साडेनऊ तासांचा फरक आहे, म्हणजे त्यांचे बुधवारचे सकाळचे साडेआठ हे तुमचे मंगळवारचे रात्रीचे अकरा. पहाटे दोन-अडीचपर्यंत काहीच कळलं नाही तर त्यात वावगं काही नाही, हे आत्ताच मनाशी पक्कं करा.

आता तुमच्याकडे जे दिवस उरलेत त्यात करण्यासारखं खरं काम सांगते. उजळणीत घालवताय तो वेळ इथे घाला.

पहिलं काम नावांचं. आपल्या लोकांच्या केसेसमध्ये यावर मी सर्वांत जास्त वेळ खर्च करते. बाईच्या जन्मदाखल्यावर एक नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर स्पेलिंग वेगळं, पासपोर्टवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, विवाह नोंदणीवर माहेरचं नाव, आधारवर लग्नानंतरचं. शिवाय काही घरांत लग्नात नाव बदलतात. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं जातं, सासरी त्याच नावाने हाक मारतात, पत्रिकेवर किंवा बँकेच्या खात्यावर ते येतं, आणि डीएस-२६० हा व्हिसाचा अर्ज भरताना मात्र कुणाला आठवत नाही. त्या अर्जात 'वापरलेली इतर नावं' असा स्वतंत्र प्रश्न आहे. तिथे सगळी नावं यायला हवीत: माहेरचं, सासरचं, ताटात लिहिलेलं आणि जुन्या स्पेलिंगचंही. राहिलं असेल तर घाबरू नका. मुलाखतीच्या वेळी कागद तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांना पत्नींनी आपणहून सांगावं की हे एक नाव लिहायचं राहिलं. स्वतः सांगितलेली चूक दुरुस्त होते. नंतर समोर आलेली चूक लपवल्यासारखी दिसते, आणि खोटी माहिती दिल्याचा ठपका कायद्यात फार जड आहे, तो आयुष्यभर मागे लागू शकतो.

जन्मदाखला आज पुन्हा डोळ्यांनी बघा. नगरपालिकेच्या जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा पुष्कळदा कोरी असते, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली. आई-वडिलांची नावं, तारीख, ठिकाण सगळं बरोबर, फक्त जिचा दाखला तिचंच नाव नाही. एनव्हीसीमधून असा दाखला कधी कधी सुटून पुढे जातो आणि मुलाखतीत अडतो. नगरपालिकेत नाव चढवून नवा दाखला घ्यायला वेळ लागतो, बुधवारपर्यंत ते होणार नाही. पण शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र आणि आई-वडिलांचं प्रतिज्ञापत्र बरोबर असू द्या, आणि नाव चढवायचा अर्ज केला असेल तर त्याची पोच. एखादा दाखला फक्त मराठीत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर हवं, आणि त्याखाली भाषांतर करणाऱ्याने 'मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर अचूक आहे' असं लिहून सही केलेली हवी.

दुसरं काम सर्वस्वी तुमचं, आय-८६४. ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट, म्हणजे पत्नीच्या खर्चाची तुमची हमी. नवरे मंडळी बायकोची तयारी करून घेतात आणि स्वतःच्या कागदांकडे मात्र पाहत नाहीत, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. गरिबी रेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं. २०२५ च्या तक्त्यानुसार दोन माणसांच्या घराला ते वर्षाला २६,४३७ डॉलर होतं, आणि हा आकडा दरवर्षी बदलतो. तुम्हाला ती रक्कम अवघड नसेल. अडचण वेगळीच असते. फॉर्म भरला तेव्हाची नोकरी सोडून तुम्ही आता दुसरीकडे असाल तर फाइलमधलं पत्र जुन्या कंपनीचं राहिलं. पत्नी खिडकीवर नव्या कंपनीचं नाव सांगतील आणि फाइल जुनं नाव दाखवेल. तेव्हा या आठवड्यात नव्या कंपनीचं पत्र, अलीकडच्या चार-सहा पगाराच्या पावत्या, आयआरएसकडून (अमेरिकेच्या टॅक्स खात्याकडून) मिळणारं टॅक्स ट्रान्सक्रिप्ट आणि डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा तपशील) एवढं पाठवून द्या, पत्नींनी छापून बरोबर न्यावं. मध्ये नवं टॅक्स रिटर्न भरलं असेल तर तेही. जॉइंट स्पॉन्सर (तुमच्या जोडीला हमी देणारी दुसरी व्यक्ती) असेल तर त्यांच्या सिटिझनशिपचा किंवा ग्रीन कार्डाचा पुरावा आणि त्यांचे टॅक्सचे कागद जोडलेले आहेत ना ते पाहा. आणि प्रत्येक फॉर्मवर सही आहे का, ते शेवटच्या पानावर बोट ठेवून तपासा. सही नसलेला आय-८६४ मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिला आहे.

पीसीसीवरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतं का, ते बघा. तुमचं किंवा त्यांचं आधी लग्न झालं असेल तर न्यायालयाच्या शिक्क्याची अंतिम डिक्री लागते, वकिलाचं पत्र चालत नाही. नात्याचे पुरावे मात्र मोजकेच द्या. लग्नाचे आठ-दहा फोटो, त्यात दोन्हीकडची मोठी माणसं दिसू देत. तुम्ही भारतात आलात त्या वेळचे बोर्डिंग पास किंवा पासपोर्टवरचे शिक्के. चॅटची पाचशे पानं छापून नेऊ नका, ती कुणी वाचत नाही आणि पाहिजे तो कागद त्यात सापडेनासा होतो.

मेडिकल झालंय म्हणता, चांगलं झालं. तरी एक गोष्ट विचारून घ्या: एक्स-रेबद्दल डॉक्टर काही बोलले का? भारतातून येणाऱ्या प्रौढांची छातीचा एक्स-रे काढून टीबीसाठी तपासणी होते. लहानपणी होऊन गेलेल्या आजाराचा जुना डाग जरी दिसला तरी लागोपाठ तीन दिवस थुंकीचे नमुने घेतात आणि कल्चर वाढतं का ते पाहायला सुमारे आठ आठवडे थांबतात. असं झालं तर तो रिपोर्ट येईपर्यंत व्हिसा मिळत नाही. यात कुणाचा दोष नसतो आणि घाईने काही पुढे सरकत नाही. काही नवरे बायकोला विचारतात, "तू आधी सांगितलं का नाहीस?" तिला सहाव्या वर्षी काय झालं होतं ते तिला कुठून आठवणार. असं बोलू नका.

आता निकालाकडे वळते.

मुलाखत संपताना अधिकाऱ्याने पासपोर्ट ठेवून घेतला आणि व्हिसा मंजूर असं तोंडी सांगितलं तर काम झालं. तरीसुद्धा पासपोर्ट हातात येऊन त्यावरचं नाव, जन्मतारीख, व्हिसाचा प्रकार वाचेपर्यंत तिकीट काढू नका, नोकरीचा राजीनामा देऊ नका, घरभाड्याची नोटीस देऊ नका.

दुसरी शक्यता म्हणजे हातात चिठ्ठी, कलम २२१ जी. कायद्याच्या भाषेत हा नकार आहे, कारण त्या दिवशी व्हिसा देता येत नाही. म्हणून व्हिसाची स्थिती दाखवणाऱ्या सीईएसी वेबसाइटवर केस नंबर टाकला की 'रिफ्यूज्ड' असं उमटतं. हा शब्द बघून रात्री दोनला मला फोन आलेले आहेत, रडत. दर वेळी मी एकच विचारते: चिठ्ठीवर काय लिहिलंय? स्क्रीनवरचा शब्द सगळ्यांना सारखाच असतो, काय हवंय ते चिठ्ठीवर असतं. तिथे चौकटींत खुणा असतात. कागद मागितला असेल तर तो द्यायचा, कुठे आणि कसा द्यायचा ते चिठ्ठीवरच छापलेलं असतं. त्यासाठी एक वर्षाची मुदत असते. ती उलटली तर अर्ज आणि फी पुन्हा भरण्याची वेळ येते, म्हणून आळस नको. पण एक वर्ष म्हणजे पुष्कळ झालं. मागितलेला कागद एकदाच, पूर्ण आणि सुवाच्य पाठवा. रोज एक ईमेल केल्याने फाइल पुढे जात नाही.

'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंग'च्या चौकटीवर खूण असेल तर त्यांचा अंतर्गत तपास चालू आहे. कधी कधी डीएस-५५३५ नावाची प्रश्नावली येते, मागच्या पंधरा वर्षांतले पत्ते, नोकऱ्या, प्रवास वगैरे. ती शांतपणे, डीएस-२६० समोर ठेवून भरायची, म्हणजे दोन ठिकाणी दोन तारखा येणार नाहीत. याला ठरलेली मुदत नसते. काहींचं दोन आठवड्यांत होतं, काहींचं कित्येक महिने चालतं. बरेच महिने काहीच हललं नाही तर तुमच्या मतदारसंघाच्या काँग्रेस सदस्याच्या ऑफिसमधून चौकशी करता येते. त्यासाठी ते एका संमतिपत्रावर सही घेतात. पहिल्या आठवड्यातच तिकडे धावण्यात अर्थ नाही.

तिसरी शक्यता क्वचितची, पण विचारलंत म्हणून सांगते. लग्नाच्या खरेपणावर नव्याने शंका आली तर अधिकारी पिटिशन, म्हणजे तुमचा आय-१३०, यूएससीआयएसकडे परत पाठवू शकतो. किंवा पूर्वीच्या बेकायदा वास्तव्याचं, खोट्या माहितीचं, गुन्ह्याचं एखादं वेगळं कलम लावू शकतो. वेगळं कलम लावलं असेल तर चिठ्ठीवर २२१ जीऐवजी दुसरा आकडा असतो. यांतलं काहीही झालं तर त्याच आठवड्यात वकील गाठायचा, आणि तोपर्यंत कुठेही काहीही लिहून पाठवायचं नाही. कॉन्सुलेटच्या निर्णयावर कोर्टात दाद मागणं फार अवघड आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये मुन्योझ प्रकरणात सांगितलं की नवऱ्याला किंवा बायकोला देशात प्रवेश मिळावा हा सिटिझनचा मूलभूत घटनात्मक हक्क नाही. म्हणून तर मी कागद आधी तपासा म्हणते. तुम्ही लिहिलंय त्यात मला अशा कलमाची चिन्हं दिसत नाहीत.

तुमच्या केसमध्ये एक वेगळी गोष्ट आहे आणि ती तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. लग्नाला पुढच्या महिन्यात अठराला दोन वर्षं पूर्ण होतात. त्याआधी व्हिसा छापला तर त्यावर सीआर-१ असेल. दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत पत्नी अमेरिकेत उतरल्या तर त्यांना दोन वर्षांचं, अटी असलेलं ग्रीन कार्ड मिळतं. मग ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत त्या अटी काढण्याचा अर्ज, आय-७५१, भरायचा, पुन्हा फी, पुन्हा पुरावे, पुन्हा वाट बघणं. दोन वर्षं पूर्ण झाल्यावर उतरल्या तर त्या आयआर-१ म्हणून यायला हव्यात, दहा वर्षांचं कार्ड, आय-७५१ नाहीच. मोजला जातो तो अमेरिकेत प्रवेश करण्याचा दिवस, मुलाखतीचा नव्हे. तेव्हा व्हिसा लगेच हातात आला तरी विमान लग्नाच्या वाढदिवसानंतरचं घ्या, चार दिवस पुढचंच घ्या. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला विवाहाचा दाखला दाखवून सांगायचं की आता दोन वर्षं पूर्ण झाली आहेत, नोंद आयआर-१ अशी करा. शिक्का बसला की तिथेच उभं राहून तो वाचायचा. व्हिसाची मुदत सहसा सहा महिन्यांपर्यंत असते, मेडिकलच्या तारखेमुळे कमीही असू शकते. ती तारीख बघून मधला दिवस निवडा.

म्हणजे बुधवारी एखादा कागद मागितला आणि चार आठवडे गेले, तर तुमचं नुकसान काहीच नाही. ते चार आठवडे तुम्हाला एरवीही थांबायचंच होतं.

व्हिसा मिळाल्यावर निघायच्या आधी यूएससीआयएसची इमिग्रंट फी ऑनलाइन भरा, सध्या २३५ डॉलर. ती राहिली तर कार्ड छापलं जात नाही. कार्ड घरी येईपर्यंत, शिक्का बसलेला तो व्हिसाच एक वर्ष ग्रीन कार्डाच्या जागी चालतो.

आता तिकीट काढून जाऊ का, या प्रश्नाकडे येते. मुलाखतीला तुमची हजेरी कायद्याने लागत नाही आणि तुम्ही बाहेर उभे आहात म्हणून आतला निर्णय बदलत नाही. लग्नानंतर तुम्ही एकदाही भारतात गेला नसतात तर मी जा म्हटलं असतं, तेही मुलाखतीच्या आधी काही महिने. तुमच्याकडे सुट्टी थोडी असेल तर ती त्या इथे येतील तेव्हासाठी ठेवा. पहिले दोन आठवडे त्यांना तुमची फार गरज असेल: बँक, सोशल सिक्युरिटी, थंडी, आणि दिवसभर घरात एकटं असणं. तरीही जावंसं वाटत असेल तर त्यांना विचारा. "तुम्ही आलात तर मला बरं वाटेल," असं त्या म्हणाल्या तर जा. "तुम्ही आलात तर मला जास्त टेन्शन येईल," असं म्हणणाऱ्याही बायका आहेत, आणि त्या खरं बोलत असतात.

मी ही रात्र स्वतः काढली आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. २००७ चा फेब्रुवारी. माझ्या नवऱ्याची मुलाखत मुंबईला, मी एडिसनला भाड्याच्या घरात. तेव्हा कॉन्सुलेट ब्रीच कँडीला होतं, बीकेसीत गेलं ते २०११ मध्ये. त्याचा फोन त्याच्या मामांकडे होता आणि मामा बाहेर फुटपाथवर उभे. मी पहिल्यांदा फोन केला, मामा म्हणाले, "अजून आत आहे गं." अर्ध्या तासाने पुन्हा, तेच. चौथ्या वेळी मामांचा आवाज उतरलेला वाटला. उन्हात तीन तास उभं राहून त्यांचे पाय दुखत होते, पण मी त्यातून भलताच अर्थ काढला. पाचव्या वेळी फोन एंगेज. मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले. पंचवीस मिनिटं तो एंगेज लागत होता आणि त्या पंचवीस मिनिटांत मी अपिलापर्यंत सगळं ठरवून टाकलं. व्हिसा मिळाला होता. बाहेर आल्यावर त्याने आधी आईला फोन लावला होता, मग मावशीला, मग मला. त्याला वाटलं मी झोपले असेन.

म्हणून पहिला फोन कुणाला, हे तुम्ही दोघांनी आजच ठरवा. बरोबर भाऊ, वडील, जे कुणी जाणार असतील त्यांना सांगा, फोन सांभाळा आणि आपणहून कुणाला काही कळवू नका. सांगली, कोल्हापूर, पुणे असे सगळ्यांचे फोन त्या एका मोबाइलवर येऊ देऊ नका. तुम्हीही मंगळवारी रात्री दर दहा मिनिटांनी लावू नका. आदल्या रात्री त्या सांगलीहून प्रवास करून दमलेल्या असतील, तेव्हा मंगळवारी दुपारपर्यंत मुंबईत पोचून कुठेतरी नीट झोपतील असं बघा. आदल्या संध्याकाळचा तुमचा फोन छोटा असू द्या आणि त्यात मुलाखतीचा विषय काढू नका.

बाहेर आल्यावर त्यांचा फोन आला तर त्यांना त्यांच्या ओघाने सांगू द्या. 'मग त्याने काय विचारलं, तू काय म्हणालीस, असं का म्हणालीस' ही उलटतपासणी तिथे रस्त्यावर नको. चिठ्ठी मिळाली असेल तर दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो मागवा आणि पासपोर्ट ठेवून घेतला की परत दिला एवढंच विचारा. वेबसाइटवर तुमचा केस नंबर टाकून बघायचा असेल तर गुरुवारी बघा. तुमचा नंबर बीएमबीने सुरू होत असेल, शहराचं जुनं नाव तिथे अजून टिकून आहे. त्या दिवशी 'रेडी', 'रिफ्यूज्ड', 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंग' यांतलं काहीही दिसू शकतं. मंजूर झालेल्या केसमध्येही 'इश्यूड' उमटायला काही दिवस जातात आणि तोपर्यंत मधले शब्द बदलत राहतात.

चिठ्ठी हाती आलीच तर कुठल्या चौकटीत खूण आहे आणि खाली हाताने काही लिहिलंय का, तेवढं लिहून पाठवा. पुढचं मी त्यावरून सांगते.